पाचव्या दिवसाचं पाकीट

ताई, नमस्कार.

मी ४१ वर्षांचा आहे. सिंहगड रोडला राहतो, चाकणला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून सिगारेट ओढतो. आता दिवसाला बारा-चौदा होतात, रविवारीही तेवढ्याच. पहिली उठल्यावर दहा मिनिटांत, गॅलरीत, चहाबरोबर. मग कंपनीची बस. वाटेतलं मोशी गेलं की दिवसभराच्या कामाच्या विचाराने बेचैनी सुरू होते. गेटबाहेरच्या टपरीवर एक ओढली की माणसात येतो.

तीनदा सोडायचा प्रयत्न केला. एकदा पाच दिवस, एकदा नऊ, आणि या जूनमध्ये पुन्हा पाच. तलफ मी सोसतो, पण डोकं ठिकाणावर राहत नाही. छातीत धडधड, हाताला कंप, कशात लक्ष नाही, पहाटे तीनला जाग. ईसीजी काढला, नॉर्मल आला. सिगारेटऐवजी चहा घ्यायचो, सात-आठ कप व्हायचे. निकोटीनचं च्युइंगगम आणलं, चहानंतर चघळायचो, तर उचक्या आणि मळमळ. पाचव्या दिवशी रात्री मुलीच्या हातून दुधाचा ग्लास सांडला आणि मी इतका ओरडलो की ती बाथरूममध्ये कडी लावून बसली. नऊ वर्षांची आहे. बायको काही बोलली नाही. खाली गेली आणि पाकीट घेऊन आली. टेबलावर ठेवून म्हणाली, “ओढ. असा नको आहेस तू आम्हाला.”

मी लहानपणापासून काळजी करणारा. दहावीच्या पेपराआधी उलट्या व्हायच्या. मला वाटतं, सिगारेट हेच माझं औषध आहे. मन जरा शांत झालं की मगच सोडावी, असं ठरवतोय. घरात दीड दिवस गणपती असतो तेव्हा ओढत नाही आणि फारसा त्रासही होत नाही, म्हणजे मला व्यसन नसावं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायची भीती वाटते. त्या गोळ्यांची सवय लागली तर? मित्र म्हणतो, टेन्शनने मरण्यापेक्षा ओढलेली बरी.

– एक वाचक, पुणे

*

नमस्कार.

तुमच्या पत्नीने रात्री खाली उतरून ते पाकीट आणलं, त्याबद्दल तिला कधीही दोष देऊ नका. मुलगी बाथरूममध्ये, नवरा थरथरतोय, आणि एका कांडीने घर शांत होणार हे तिला माहीत होतं. तिच्या जागी मी असते तर कदाचित मीही उतरले असते. पण त्या रात्री तुम्हा दोघांची एक समजूत झाली, ती मला खोडून काढायची आहे. ओरडलेला माणूस हाच सिगारेटशिवायचा तुमचा खरा स्वभाव, असं तुम्ही दोघांनी धरून चाललात. खरं तर तापात बरळणाऱ्या माणसाचं बोलणं आपण जसं मनावर घेत नाही, तशी ती रात्र होती. या तापाला सुरुवात असते, चढ असतो आणि उतारही असतो. तुम्ही तिन्ही वेळा ऐन चढावर परत फिरलात.

झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचतं. इतक्या झटक्यात आराम देणारी वस्तू कुणालाही औषधच वाटेल. पण साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं आणि वीस वर्षं त्यावर पोसलेला मेंदू कुरकुरायला लागतो. ही कुरकुर आपल्याला कशी जाणवते? बेचैनी, चिडचिड, कशात लक्ष न लागणं, उगाचची धास्ती. म्हणजे हुबेहूब टेन्शन. पुढची सिगारेट ओढली की ते जातं आणि श्रेय सिगारेटला मिळतं. पण गेलेलं असतं ते आधीच्या सिगारेटने मागे ठेवलेलं. सावकाराकडून नवं कर्ज काढून त्याचंच जुनं व्याज भरावं, आणि वर त्याचे उपकार मानावेत, तसा हा व्यवहार दिवसातून बारा-चौदा वेळा चालू आहे.

तुमची बसच घ्या. गॅलरीतल्या सिगारेटीनंतर आंघोळ, डबा, स्टॉप आणि मग भोसरी ओलांडून मोशी. तोवर दोन तास सहज उलटलेले असतात. ‘कामाच्या विचाराने’ बेचैनी येते असं तुम्ही लिहिलंय. काम अवघड असेलच, चाकणमधल्या क्वालिटीवाल्याची डोकेदुखी मी नाकारत नाही. पण रविवारी तर ना गेट असतं, ना ऑडिट. मग रविवारचा आकडा खाली का येत नाही?

इस्रायलमध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला होता, २०१० साली तो प्रसिद्ध झाला. सिगारेट ओढणाऱ्या या मंडळींची तलफ प्रवासात वेळोवेळी मोजली. जितके तास सिगारेट नाही तितकी तलफ जास्त, असं आपण म्हणू. दिसलं वेगळंच. छोट्या प्रवासातही आणि लांबच्या प्रवासातही तलफ चढली ती विमान उतरायच्या सुमाराला. किती वेळ ओढलेली नाही याइतकंच, ‘आता ओढता येणार’ हे मनाला कळणं महत्त्वाचं ठरलं. मोशी ही तुमची विमान उतरायची जागा आहे.

गणपतीच्या दीड दिवसाचं कोडंही यातच सुटतं. घरात बाप्पा आहे, ‘आता नाहीच’ हे मनाने मान्य केलेलं असतं, म्हणून तलफ डोकं वर काढत नाही. याचा अर्थ व्यसन नाही असा कृपया लावू नका. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणं ही निकोटीनच्या पक्क्या सवयीची खूण समजतात आणि तुम्हाला ती दहा मिनिटांत लागते. पण त्या दीड दिवसाचा उपयोग आहे. ‘कमी करतो’, ‘एखादी चालेल’ असं म्हटलं की दार किलकिलं राहतं आणि मन दिवसभर त्या फटीपाशीच बसून असतं. ठरलेल्या दिवसापासून पूर्ण बंद, हे तुमच्या मनाला जास्त सोपं जाईल असं मला वाटतं, कारण वर्षातून एकदा ते हे करून दाखवतंच.

माझे वडील सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात जिन्यावर बसून ओढायचे. त्यांचा स्वभावच तापट, असं आजी, आई, शेजारी सगळे म्हणत आणि आम्ही भावंडं त्यांचा आवाज ऐकून खोली ठरवायचो. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी सिगारेट सोडली. पहिला महिना घरात कुणी मोठ्याने वाटीसुद्धा ठेवत नव्हतं. त्यानंतर हळूहळू जे वडील आम्हाला मिळाले, ते आम्हाला आमच्या लहानपणी मिळाले असते तर, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे म्हणून हे लिहिलं.

एका घरावरून नियम काढता येत नाही, हे मला कळतं. म्हणून मोठा आधार देते. जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२१ साली १०२ अभ्यास पाहिले, त्यांत मिळून जवळपास एक लाख सत्तर हजार माणसं होती. ज्यांनी सिगारेट सोडली आणि ज्यांनी चालू ठेवली, त्यांची किमान सहा आठवड्यांनंतर तुलना केली. सोडलेल्यांची काळजी, उदासी आणि ताण चालू ठेवलेल्यांपेक्षा जास्त उतरलेले दिसले. सोडणारे आणि न सोडणारे मुळातच थोडे वेगळे असू शकतात, त्यामुळे हा शेवटचा शब्द आहे असं मी म्हणणार नाही. पण सिगारेट सोडली की मन बिघडतं आणि बिघडलेलंच राहतं, ही समजूत यापुढे उभी राहत नाही. ‘मन शांत झालं की सोडेन’ हा तुमचा क्रमच उलटा आहे. सोडल्यावर काही आठवड्यांनी जे मिळणार आहे, ते तुम्ही सोडण्याआधी मागताय.

सहा आठवडे म्हटलं मी. तुमचे मुक्काम पाच, नऊ आणि पाच दिवसांचे. निकोटीन थांबल्याचा त्रास काही तासांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात सर्वांत जोरात असतो आणि बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तुम्ही विसावा दिवस एकदाही पाहिलेला नाही.

आता तुमच्या चहाकडे येते. पत्र वाचताना मी तिथेच थबकले. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम नेहमीपेक्षा जोरात काम करतं, आणि चहा-कॉफीतलं कॅफीन शरीराबाहेर काढायचं काम याच एन्झाइमचं. ओढणाऱ्या माणसाला म्हणूनच ढीगभर चहा पचतो. धूर बंद झाला की काही दिवसांत हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहाने रक्तातलं कॅफीन जवळपास दुप्पट होऊ शकतं. तुम्ही तर चहा वाढवलात, सात-आठ कप. धडधड, हाताचा कंप, पहाटे तीनची जाग, यातला बराचसा भाग चहाचा असणं अगदी शक्य आहे. निकोटीनचा त्रास आणि कॅफीनचा त्रास एकमेकांत मिसळले आणि तुम्ही दोन्हीवर नाव घातलंत ‘माझा स्वभाव’.

तेव्हा सोडायच्या दिवसापासून चहा निम्मा. दिवसाला तीन अर्धे कप, शेवटचा दुपारी तीनपर्यंत. मात्र एकदम बंद करू नका, नाहीतर चहा सुटल्याची डोकेदुखी वर येऊन बसेल. गॅलरीतला सकाळचा चहा काही आठवडे स्वयंपाकघरात, उभ्याने, पत्नीशी बोलत प्या. संध्याकाळी ताक, लिंबूपाणी, काहीही.

(जाता जाता इतर वाचकांसाठी: क्लोझापिन किंवा ओलान्झापिन ही मानसिक आजारांवरची औषधं चालू असतील तर सिगारेट सोडताना डॉक्टरांना आधी सांगाच. त्याच एन्झाइममुळे या औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढतं आणि डोस बदलावा लागू शकतो.)

च्युइंगगमही तुमच्यावर रुसलेलं नाही, ते चुकीचं खाल्लं गेलं. ते नेहमीच्या च्युइंगगमसारखं सतत चघळलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, मग उचक्या आणि मळमळ. सावकाश चार-सहा वेळा चावायचं, तोंडात तिखटसर चुरचुर आली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. एक गोळी अर्धा तास पुरते. आणि आधीची पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत काही नाही, कारण तोंड आंबट असलं की निकोटीन नीट शोषलं जात नाही. तुम्ही चहानंतरच घेत होतात. तुमची पहिली सिगारेट इतक्या लवकर लागते, त्यावरून दोन मिलिग्रॅमची गोळी अपुरी पडत असणार. चार मिलिग्रॅमची डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्वचेवर लावायच्या निकोटीन पॅचबद्दलही विचारा. पॅच आणि गम दोन्ही मिळून घेतल्यास एकट्या गमपेक्षा जास्त उपयोग होतो.

आता दहावीच्या पेपराआधीच्या उलट्यांबद्दल. हे मी मुद्दाम वेगळं ठेवलं. इतका वेळ मी म्हणत होते की तुमची बेचैनी सिगारेटने पिकवलेली आहे. पण उलट्या व्हायच्या तेव्हा तुम्ही ओढत नव्हतात. म्हणजे धुराच्या खाली मूळची, जुनी काळजी असू शकते. पत्रावरून निदान करणं बरोबर नाही आणि मी ते करणारही नाही. पण ती असेल, तर वीस वर्षं तिच्यावर चुकीचा इलाज चाललाय, एवढं नक्की. चिंतेच्या त्रासावर चांगले उपचार आहेत. सिगारेट आधी की चिंता आधी, असं भांडत बसायचं कारण नाही, दोन्ही एकत्र हाताळता येतात.

मानसोपचारतज्ज्ञाकडे सोडायच्या तारखेच्या दीड-दोन महिने आधी जा. चिंतेवरची नेहमीची औषधं गुण दाखवायला दोन ते सहा आठवडे घेतात. ती आधी रुजलेली असली तर पाचवा दिवस तुम्हाला एकट्याने पेलावा लागणार नाही. सवयीची भीती म्हणाल, तर बहुतेक वेळा दिली जाणारी औषधं तलफ लावणारी नसतात, फक्त ती अचानक न थांबवता डॉक्टर सांगतील तशी कमी करायची असतात. झोप किंवा झटपट शांतता देणाऱ्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते, म्हणून मेडिकलवाल्याकडून स्वतः मागून घेऊ नका आणि डॉक्टरांना ‘ही किती दिवस घ्यायची?’ हे तोंडावर विचारा. गोळी नकोच असेल तर समुपदेशनानेही चिंता आटोक्यात येते, तेही विचारा. खासगी फी जड वाटली तर ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

सिगारेट सोडायला मदत करणारी व्हेरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधंही डॉक्टर देऊ शकतात. त्यांनी मन बिघडतं अशी भीती बरीच वर्षं होती. म्हणून आठ हजारांहून अधिक माणसांवर एक मोठी चाचणी झाली, त्यातल्या निम्म्यांना आधीपासून मानसिक आजार होता. २०१६ साली निष्कर्ष आले. मनाचे गंभीर त्रास या औषधांनी पॅचपेक्षा किंवा औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीपेक्षा लक्षणीय वाढले नाहीत, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्यावरचा मन बिघडण्याबद्दलचा कडक इशारा काढला. फिट्स येत असतील तर ब्युप्रोपिऑन चालत नाही. बाकी तुमच्यासाठी काय योग्य, ते तपासून डॉक्टरच ठरवतील.

टपरीबद्दल थोडं. तुम्ही तिथे जाता तेव्हा फक्त सिगारेट ओढत नाही. मशीनच्या आवाजातून बाहेर येता, चार माणसांत उभे राहता, पाच मिनिटं कुणी काही मागत नाही, आणि लांब श्वास आत घेऊन सावकाश सोडता. यातलं निम्मं सिगारेटशिवायही मन निववतं. म्हणून ती पाच मिनिटं सोडू नका. पहिले तीन-चार आठवडे जागा बदला, पार्किंगकडे जा, झपझप दोन फेऱ्या मारा. तलफेची लाट सहसा काही मिनिटांतच उतरते. टपरीवरच्या मित्रांना सांगून टाका, ‘महिनाभर दिसणार नाही, फोन करेन.’ जो खरा मित्र असेल तो हसणार नाही. आणि सिगारेटऐवजी तंबाखू, मिश्री किंवा ई-सिगारेट अजिबात नको. निकोटीन तेच राहतं, आणि ई-सिगारेट तर देशात २०१९ पासून बेकायदा आहे.

‘टेन्शनने मरण्यापेक्षा ओढलेली बरी’ म्हणणाऱ्या मित्राशी वाद घालू नका. तोही बहुधा त्याच सावकाराचा ऋणको आहे.

तारीख निवडताना ऑडिटचा आठवडा टाळा, पण टेन्शन नसलेला महिना शोधत बसू नका. पहिले पंधरा दिवस हप्ते, सासर-माहेर, मुलीचे मार्क असे विषय घरात काढायचे नाहीत, असं दोघांनी ठरवा. डोकं तापलं तर खोलीबाहेर जायची परवानगी आधीच मागून ठेवा, आणि परत यायची वेळही सांगा. पत्नीला दिवस मोजून सांगा, तिसरा, चौथा, पाचवा जड जाणार आहे. मागच्या वेळी तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं, आता हे कायमचं. चुकून एक ओढली गेलीच, तर ती एकच. त्याच तासाला फोन करा: १८००-११-२३५६. तंबाखू सोडण्यासाठीचा हा मोफत नंबर तुम्ही रोज हातात घेता त्या पाकिटावरच छापलेला आहे.

मन खूप काळवंडलं, दोन आठवड्यांनंतरही कशातच रस वाटेना, तर विसाव्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटलं, अगदी पुसटसंही, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं. तेव्हा सिगारेट, तारीख, निश्चय, सगळं बाजूला. आधी फोन.

मुलीशी आजच बोला. सोडायच्या दिवसापर्यंत थांबू नका. दूध सांडणं ही तिची चूक नव्हती आणि बाबा ओरडले ते तिच्यामुळे नव्हे, हे तिला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे. नऊ वर्षांच्या मुलांना निकोटीन वगैरे समजावावं लागत नाही, ‘सिगारेट सोडताना बाबांना ताप आला होता, परत येणार आहे, मग जाणार आहे’ एवढं पुरतं.

आणि मला पत्र लिहा. चांगलंच लिहायला हवं असं नाही. पाचव्या दिवशी पहाटे तीनला लिहिलंत तरी चालेल.

– तुमची ताई